क्लस्टरला नाव लागलंय? आधी कानस मारायच्या टेबलाशी जाऊन उभे राहा

कंपनीने अ‍ॅक्माच्या क्लस्टरसाठी (सुटे भाग बनवणाऱ्यांच्या या संघटनेने एकत्र शिकायला जमवलेला कंपन्यांचा गट) तुमचं नाव दिलं की पहिल्याच आठवड्यात सगळे दोन गोष्टी सांगतात. फाइल नीट ठेव आणि आधी-नंतरचे फोटो काढ. मीही तेच केलं. मशिनखालचं तेल पुसायच्या आधीचा फोटो, पुसल्यानंतरचा फोटो, शॅडो बोर्डवर, म्हणजे अवजारांचे आकार काढलेल्या फळ्यावर, पाने टांगल्याचा फोटो. तीन महिन्यांनी मालक माझ्यासमोर आलेख ठेवून म्हणाले, "मॅडम, पैसे भरून रिजेक्शन वाढवून घेतलंय का आपण?" त्या दिवशी भोसरीहून घरी जाताना बसमध्ये मी राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला होता. तो पाठवला नाही, म्हणून आज हे लिहिते आहे.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. कंपनी सत्तर माणसांची, टियर-टू, म्हणजे गाडी कंपनीच्या पुरवठादाराला माल देणारी. आम्ही कारच्या इंजिनातली रॉकर शाफ्ट बनवतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर ज्यावर हलतात तो दांडा. टर्निंग, आडवी ऑइल होल, इंडक्शन हार्डनिंग, सेंटरलेस ग्राइंडिंग. हे तुम्हाला माहीत असेलच, त्यावर वेळ घालवत नाही.

संघटनेबद्दल मात्र थोडं सांगते, कारण नवीन मुलं इंटरव्ह्यूत इथेच अडखळताना मी पाहिली आहेत. सियाम ही गाड्या बनवणाऱ्यांची संघटना, अ‍ॅक्मा सुटे भाग बनवणाऱ्यांची. अ‍ॅक्मा १९५९ ची. तेव्हा नाव वेगळं होतं, ऑल इंडिया ऑटोमोबाईल अँड अ‍ॅन्सिलरी इंडस्ट्रीज असोसिएशन. आजचं नाव १९८२ मध्ये आलं. मुख्यालय दिल्लीत आहे, त्यामुळे आपल्या शेडचा त्याच्याशी काय संबंध असं वाटतं. पण काही सुट्या भागांवर १८ टक्के आणि काहींवर २८ टक्के जीएसटी होता, तेव्हा सगळ्यांना एकच १८ टक्के करा ही मागणी ही संघटना वर्षानुवर्षं लावून धरत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते झालं. आमच्या अकाउंटंट काकांनी त्या दिवशी पेढे वाटले. इंटरव्ह्यूला जाण्याआधी अ‍ॅक्माचा वर्षाचा आढावा वाचून जा. २०२३-२४ मध्ये या उद्योगाची उलाढाल ६.१४ लाख कोटी रुपये होती, निर्यात २१.२ अब्ज डॉलर, आयात २०.९ अब्ज. निर्यात आयातीच्या पुढे गेली हे ज्याला माहीत असतं त्याच्याशी समोरचा माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

क्लस्टर म्हणजे काय, तर आठ-दहा कंपन्या एकत्र येतात, अ‍ॅक्माच्या टेक्नॉलॉजी सेंटरचे काउन्सेलर दर महिन्याला शॉप फ्लोअरवर येतात, आणि एकमेकांच्या कंपन्या बघायला मिळतात. आपल्या पुणे भागाचं याच्याशी जुनं नातं आहे. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युनिडो या औद्योगिक विकास संस्थेबरोबर लहान पुरवठादारांसाठीचा कार्यक्रम इथूनच सुरू झाला होता.

आता माझी चूक. हे सावकाश वाचा. यात मी एकटी अडकले नाही, आमच्या क्लस्टरमधल्या आणखी दोन कंपन्याही अडकल्या होत्या.

काउन्सेलर सरांनी पहिल्या भेटीत विचारलं, आज रिजेक्शन किती? मी क्वालिटीचं रजिस्टर उघडलं. महिन्याला १२,००० शाफ्ट, भंगारात गेलेल्या ९६. म्हणजे ०.८ टक्के. मी अभिमानाने तो आकडा बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचा आकडा, म्हणून लिहिला, मालकांची सही घेतली, भिंतीवर लावला.

त्या आकड्यात रिवर्क, म्हणजे दोष निघाल्यावर परत दुरुस्त केलेले नग, नव्हतं. आमच्याकडे फायनल इन्स्पेक्शनच्या शेजारी एक टेबल होतं. तिथे दोन पोरं दिवसभर गोल कानस घेऊन बसायची. ऑइल होलच्या काठाला बर, म्हणजे भोक पाडताना उरलेली धातूची खरखरीत कड, राहिली की शाफ्ट त्यांच्याकडे यायची, ती कानस मारायची, जॉब परत इन्स्पेक्शनला. ओके. डिस्पॅच. मी रोज त्या टेबलावरून जात होते. मला ते दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं, कारण प्रोसेस फ्लोमध्ये ऑपरेशन ४० म्हणून "डिबरिंग" लिहिलेलं होतं. लिहिलेलं आहे म्हणजे ते कामच आहे, दोष कसला?

इथेच नीट बघा. ड्रिलिंगनंतर प्रत्येक नगाची बर एकदा काढायची, हे ऑपरेशन ४०. ते ठरलेलं काम. पण एकदा काढूनही इन्स्पेक्शनमध्ये बर सापडली आणि नग परत टेबलावर आला, तर तो रिवर्क. टेबल तेच, कानस तीच, माणूस तोच. म्हणून दोन्ही एकाच नावाखाली गेले आणि कोणीच मोजले नाहीत. पगार कॉन्ट्रॅक्ट लेबरच्या बिलात, त्यामुळे खर्चही कुठे उठून दिसला नाही.

दुसऱ्या भेटीत सर त्या टेबलाजवळ थांबले. त्यांनी कानस मारणाऱ्या पोराला विचारलं, "आज परत आलेले किती?" तो म्हणाला, "सर, मोजत नाय." मग लाल ट्रे ठेवला, इन्स्पेक्शनमधून परत आलेला प्रत्येक नग त्यात, आणि प्रत्येक ट्रेमागे वहीत एक रेघ. एका आठवड्यात २,८०० नगांपैकी ३०८ परत आले होते. अकरा टक्के. आणि मी ते माझ्या जुन्या आलेखावर, त्याच रेषेवर, पुढचा बिंदू म्हणून टाकले. भंगाराचे ०.८ धरून उडी ०.८ वरून थेट ११.८ वर. मालकांनी जे विचारलं ते त्यांच्या जागी कोणीही विचारलं असतं.

म्हणून बेसलाइन लिहिण्याआधी इन्स्पेक्टरच्या टेबलावर न बसता त्याच्या मागच्या टेबलावर एक पूर्ण शिफ्ट बसा. शक्यतो सेकंड शिफ्ट. मोजायचं ते हे: किती नग पहिल्याच फेरीत, कोणाचाही हात परत न लागता, पास झाले. भंगार वेगळं, परत आलेले वेगळे. प्रोसेस शीटमध्ये डिबरिंग, टचअप, सॉर्टिंग, "री-चेक" असा शब्द दिसला की तिथे थांबा आणि विचारा, हे प्रत्येक नगावर होतं की काहींवर? काहींवर होत असेल तर ते रिवर्क, शीटमध्ये काहीही लिहिलेलं असो. आणि व्याख्या बदलली की आलेख नवा काढा, वर तारीख टाका, जुना बाजूला ठेवा. दोन व्याख्यांचे आकडे एका रेषेने जोडू नका. सरांनी पुढच्या भेटीत मालकांसमोर हेच केलं. माझ्या बाजूने दहा मिनिटं बोलले. ते मी विसरणार नाही.

बर का येत होती? उत्तर आमच्याकडेच होतं. आमचे सेटर, म्हणजे मशिन लावून देणारे, मामा, तीस वर्षं ड्रिलिंगवर. ते म्हणाले, "ड्रिल ओरडायला लागलं की बदलायचं." मी त्यांच्या शेजारी उभी राहून मोजलं. त्यांचं ड्रिल साधारण साडेतीनशे नगांना "ओरडायचं". सेकंड शिफ्टचा नवा मुलगा सहाशेच्या पुढे चालवायचा, कारण त्याला तो आवाज कळत नव्हता. आम्ही तीनशेला बदल ठरवला आणि मशिनवर काउंटर लावला. दोन महिन्यांत परत येणारे नग तीन टक्क्यांवर आले.

म्हणून गुरू शोधायचा तर आधी अशा माणसाकडे जा. मी स्पष्टच बोलते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयार एफएमईए शीट (कुठे काय बिघडू शकतं याची आधीच केलेली यादी) भरून घेणारे, दोन दिवसांत पाचही कोअर टूल्स (वाहन उद्योगातल्या क्वालिटीच्या ठरलेल्या पद्धती) "कम्प्लीट" करून सर्टिफिकेट देणारे, यांच्यावर पहिल्या वर्षी पैसे घालवू नका. दुसऱ्याच्या कंपनीची एफएमईए कॉपी केलीत तर तुमच्या ड्रिलचा आवाज त्यात नसेल, आणि ग्राहकाचा ऑडिटर पाचव्या मिनिटाला पकडेल. आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं, शिक्षण घ्या, जरूर घ्या, पण फ्लोअरवर एक वर्ष काढल्यावर. तेव्हा त्यातलं प्रत्येक वाक्य कोणत्या मशिनबद्दल आहे ते कळतं.

आणि भेटीच्या आदल्या रात्री फॉर्म भरत बसू नका. काउन्सेलरला एकाच पेनाची शाई ओळखता येते. रिकामी जागा दिसली तर ते विचारतील का रिकामी, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं. खोटी भरलेली दिसली तर तुमचे खरे आकडेही ते पुन्हा तपासतील.

घाबरू नका. इंग्रजी कच्चं असेल तरी चालतं, माझं होतं. दुसऱ्या कंपनीत गेल्यावर सगळं आपल्यापेक्षा चकाचक दिसतं आणि पोटात गोळा येतो, तोही जातो. फक्त तिथे गेलात की त्यांना विचारा, तुमचं कानशीचं टेबल कुठे आहे? मी विचारलं तेव्हा एका कंपनीतल्या मुलीने मला पडद्यामागे नेऊन दाखवलं, आणि मग तीच आमच्याकडे लाल ट्रे बघायला आली.

आमच्या टेबलावर आता एकच मुलगा बसतो. दुसरा ड्रिलिंगवर मामांच्या हाताखाली शिकतोय. मागच्या आठवड्यात काउंटर २७० वर असताना त्याने मशिन थांबवलं. मी विचारलं का, तर म्हणाला, "ताई, ओरडलं."