मिडगटचे फिरणे परीक्षेसाठी कसे समजून घ्यावे

पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्रात जन्मजात दोषांच्या याद्या पाठ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो निरुपयोगी आहे. आतड्याचे बहुतेक दोष हे नेहमीच्या वाढीतील एखादा टप्पा अर्धवट राहिल्याने होतात. त्यामुळे आधी वाढ समजून घ्यावी.

मिडगटपासून, म्हणजे गर्भाच्या आतड्याच्या मधल्या भागापासून, कोणते अवयव बनतात आणि त्यांना सुपीरियर मेसेंटरिक आर्टरी ही धमनी रक्त पुरवते, एवढे वाचून घ्यावे. गर्भाच्या वाढीच्या सहाव्या आठवड्यात पोटात जागा अपुरी पडल्याने आतड्याचे वेटोळे नाळेत शिरते आणि दहाव्या आठवड्यात परत येते. हे दोन आकडे मात्र पाठच करावेत.

खरी अडचण या वेटोळ्याच्या आर्टरीभोवती फिरण्याची आहे. तोंडी परीक्षेत मी ‘घड्याळाच्या उलट दिशेने २७० अंश’ हे वाक्य बिनचूक म्हटले, तेव्हा परीक्षकांनी शांतपणे विचारले, “घड्याळ टांगले आहे कुठे?” माझ्याकडे उत्तर नव्हते. घड्याळ गर्भाच्या पोटावर आहे आणि तबकडी आपल्याकडे आहे. म्हणजे आपला डावा हात ही गर्भाची उजवी बाजू. हे पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुस्तकातील आकृत्यांकडे टक लावून हे कळत नाही, म्हणून पायजम्याची नाडी घ्यावी. मधोमध गाठ मारावी, एक अर्धा भाग, म्हणजे वेटोळ्याचा वरचा पदर, लाल शाईने रंगवावा आणि पांढऱ्या भागावर मधल्या गाठीपासून चार बोटांवर सीकमची (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीची) दुसरी गाठ मारावी. उभ्या पुठ्ठ्यात पेन्सिल अशी खोचावी की तिचे टोक आपल्याकडे येईल, ही आर्टरी. नाडीचे लाल टोक पेन्सिलीच्या वर आणि पांढरे टोक खाली टाचणीने लावून मधली गाठ पेन्सिलीच्या टोकाला बांधावी. आता दोन्ही पदर धरून पेन्सिलीभोवती ९० अंश फिरवावेत. लाल पदर आपल्या डावीकडे येतो आणि पांढरा उजवीकडे जातो. इथे थांबावे. एका दमात २७० अंश फिरवणाऱ्यांची हमखास गल्लत होते, कारण परीक्षेतला निम्मा प्रश्न याच थांब्यावर असतो: वेटोळे इथेच अडकले तर लहान आतडे गर्भाच्या उजवीकडे आणि मोठे आतडे डावीकडे राहते, आणि यालाच नॉन-रोटेशन म्हणतात.

मग उरलेले १८० अंश फिरवावेत. लाल पदर पेन्सिलीखालून उजवीकडे जाताना ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या पहिल्या भागाचा) ‘सी’ आकार आपोआप तयार होतो. पांढरा पदर वरून, लाल पदराच्या पुढून येतो आणि सीकमची गाठ आपल्या डावीकडे पोचते. ट्रान्सव्हर्स कोलन, म्हणजे मोठ्या आतड्याचा आडवा भाग, आर्टरीच्या पुढे आणि ड्युओडेनम मागे का, हे त्यानंतर कोणाला विचारावे लागत नाही. पुढे सीकम यकृताखालून खाली उतरते. ते वरच अडकले, तर त्याच्यापासून निघणारे लॅडचे तंतुमय पट्टे ड्युओडेनमवरून जाऊन त्याला दाबू शकतात. शिवाय आतडे ज्या पडद्याने पोटाच्या मागच्या भिंतीला जोडलेले असते, त्याचा बुडखा अरुंद राहिल्याने आतड्याला पीळ पडू शकतो. म्हणूनच नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की व्हॉल्व्ह्युलसची, म्हणजे या पिळाची, शंका आधी घ्यावी लागते. यावरची शस्त्रक्रिया विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये मांडली.

बाकीचे सोपे आहे. ऑम्फॅलोसीलमध्ये आतडे बेंबीतून, आवरणासह बाहेर असते आणि सोबत गुणसूत्रांचे दोष आढळू शकतात. गॅस्ट्रोस्किसिसमध्ये ते बहुधा बेंबीच्या उजवीकडून, उघडेच बाहेर येते. मेकलचे डायव्हर्टिक्युलम, म्हणजे लहान आतड्याला राहिलेली छोटी पिशवी, ही नाडीची मधली गाठ: सुमारे २ टक्के लोकांत, सीकमपासून साधारण २ फुटांवर, २ इंच लांब.

उत्तरपत्रिकेत ९० आणि २७० अंशांच्या दोनच आकृत्या काढाव्यात आणि दोन्हींवर गर्भाची उजवी बाजू कोणती, हे आधी लिहावे.