काळ्या कन्हारीत युरोपची वॅगन: जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी कशी पारखावी

गाडी पाहायला जाण्याआधी आपले रस्ते वहीत मांडा. महिन्याला नागपूरहून समृद्धीवर किती किलोमीटर, जबलपूर रस्त्यानं पेंचकडे किती, उमरेड-भिवापूरकडे किती, आणि डांबर संपल्यावर वावरापर्यंत मुरमाचा किंवा पांदण रस्त्याचा तुकडा किती. शंभरातले पंचाण्णव किलोमीटर डांबर-सिमेंटचे आणि उरलेले मुरूम, गिट्टी, उखडलेल्या साइडपट्ट्यांचे असतील, तर उंच वॅगन (छत थेट डिकीपर्यंत नेलेली, जमिनीपासून थोडी वर उचललेली कार) चपखल बसते. ती सेडानसारखी १२० च्या वेगात ठाम चालते, मागे भरपूर सामान घेते आणि सिमेंट रस्त्याची उंच कड उतरताना पोट घासत नाही. पण पावसाळ्यात रोज काळ्या कन्हारीतून, म्हणजे चिकट काळ्या मातीतून वावरात जायचं असेल तर हा विचार इथेच सोडा. त्या कामाला लॅडर फ्रेम (ट्रकसारखी वेगळी मजबूत चौकट), लो-रेंज गिअर (कमी वेगात जास्त ओढ देणारा) आणि चिखलाचे टायर लागतात.

कारण साधं आहे. या ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन बर्फ, ओलं गवत आणि खडीच्या रस्त्यांसाठी बनल्या. तिथे चारही चाकांना थोडी थोडी ताकद मिळाली की गाडी निघते. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचा दोन-तीन फेऱ्यांत भरून टाकते. मग टायर गुळगुळीत रबरी गोळा होतो आणि ताकद दोन चाकांना जावो की चार चाकांना, फरक उरत नाही. चारही चाकांना ताकद देणारी गाडी फक्त आणखी आत जाऊन फसते.

बाजारात काय आहे

भारतात अधिकृतपणे आलेल्या अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे शोध जुन्या गाड्यांमध्येच घ्यावा लागतो. व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री २०१७ मध्ये साधारण ६० लाखांना आली: दोन लिटर डी५ डिझेल, २३५ हॉर्सपॉवर, ४८० न्यूटन-मीटर, आठ गिअरचा ऑटोमॅटिक आणि २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची). मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेन २०१८ मध्ये ७५ लाखांच्या आसपास आली: ई २२० डी, १९४ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन-मीटर, नऊ गिअर आणि चारही कोपऱ्यांना एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे). तिसरी व्होल्वो एस६० क्रॉस कंट्री, २०१६ ची. ती वॅगन नव्हे, उंच केलेली सेडान, पण २.४ लिटरचं पाच सिलिंडरी डिझेल, ऑल-व्हील-ड्राइव्ह आणि २०१ मिमी क्लिअरन्स असल्यामुळे कमी बजेटवाल्यानं ती यादीत ठेवावी.

नावाला भुलू नका. व्होल्वो व्ही४० वरही क्रॉस कंट्री लिहिलेलं असतं, पण इथे विकली गेलेली डी३ डिझेल फक्त पुढच्या चाकांवर चालते. जाहिरातीत 'फोर बाय फोर' लिहून ती विकायला ठेवलेली दिसली तर वाद न घालता खाली वाकून बघा. मागच्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नसेल तर गोष्ट तिथेच संपली.

क्लिअरन्सचा आकडा एकटा काही सांगत नाही

रपट्याच्या (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या) चढावर किंवा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) गाडी अडकते ती पोटावर. त्यासाठी क्लिअरन्सबरोबर व्हीलबेसही (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) बघावा लागतो. ढोबळ हिशेब असा: क्लिअरन्सला ४ नं गुणा, व्हीलबेसनं भागा आणि आलेल्या आकड्याला ५७ नं गुणा. पोट न टेकता किती अंशांचा उंचवटा ओलांडता येईल ते साधारण कळतं. व्ही९० चा व्हीलबेस २९४१ मिमी, म्हणून उत्तर १६ अंशांच्या थोडं वर. एस६० क्रॉस कंट्रीचा व्हीलबेस २७७४ मिमी. क्लिअरन्स नऊ मिमी कमी असूनही तिचं उत्तर साडेसोळाला टेकतं. ई-क्लास ऑल-टेरेनचा क्लिअरन्स सस्पेन्शन पूर्ण वर घेतल्यावर सुमारे १५६ मिमी, व्हीलबेस २९३९. उत्तर जेमतेम १२. त्यातही ऑल-टेरेन मोडमधली ती जास्तीची २० मिमी उंची ३५ किमीच्या वेगापर्यंतच टिकते, पुढे गाडी आपोआप खाली बसते.

म्हणजे ई-क्लास वाईट का? तसं नाही. समृद्धीवर तिच्यासारखा आराम या तिघींत दुसरीकडे नाही आणि मागच्या सीट न पाडता ६४० लिटर सामान मावतं; व्ही९० मध्ये ५६०. पण शेतघराच्या वाटेवर मधोमध गवताचा उंच पट्टा असेल आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, तर व्ही९० घ्या. शंका असेल तर वाटेच्या सगळ्यात वाईट जागी दोन चाकोऱ्यांवर सरळ फळी टाका आणि फळीपासून मधल्या उंचवट्याचा माथा किती वर येतो ते टेपनं मोजा. चार माणसं आणि सामान भरल्यावर साध्या स्प्रिंगची गाडी मागून आणखी दबते, म्हणून गाडीचा क्लिअरन्स मोजलेल्या उंचीहून किमान ५० मिमी जास्त हवा.

बंपरखाली चमकणारी चंदेरी पट्टी धातूची समजू नका, ती प्लास्टिक असते. इंजिनाखालचं कव्हरही तसंच. जुन्या गाडीत त्याचे क्लिप तुटलेले किंवा कव्हर तारेनं बांधलेलं दिसलं, तर गाडी कुठे कुठे आपटली याचा अंदाज येतो.

ऑल-व्हील-ड्राइव्ह खरंच चालतं का

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण हा भाग गुपचूप मरतो. व्होल्वोमध्ये रोजच्या चालण्यात ताकद मुख्यतः पुढच्या चाकांना जाते आणि गरज पडली की मागच्या एक्सलपाशी असलेलं हॅल्डेक्स कपलिंग मागच्या चाकांना जोडतं. कपलिंगमध्ये क्लचच्या चकत्या असतात आणि त्यांना दाबणारा छोटा इलेक्ट्रिक पंप. चकत्यांची झीज तेलात मिसळते आणि पाचव्या पिढीच्या कपलिंगमध्ये पंपाच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत अडकते. जाळी बुजली की पंपावर ताण येतो आणि शेवटी तो जळतो. तोवर डॅशबोर्डवर काहीच पेटत नाही, मालकही 'फर्स्ट क्लास चालते' म्हणत राहतो. तेल एक लिटरच्या आतच असतं, काम तासा-दीड तासाचं. पण सर्व्हिस यादीत ते ठळक नसल्यानं बहुतेकांनी ते केलेलंच नसतं. बिलं मागा. कपलिंगचं तेल बदलल्याची नोंद नसेल तर पंप खराब आहे असं धरूनच भाव करा.

तपासणी दोन ठिकाणी करा. आधी सैल गिट्टी किंवा वाळूचा ढीग: पुढची दोन्ही चाकं त्यात घालून गाडी पूर्ण थांबवा, मग हलकेच ॲक्सिलरेटर द्या. बाहेर उभ्या माणसानं बाजूला, सुरक्षित अंतरावर राहून मागची चाकं बघावीत. पुढची चाकं थोडी फिरून मागची लगेच ढकलू लागली तर कपलिंग जिवंत आहे. पुढची फक्त खड्डा खणत राहिली तर नाही. मग कोरड्या डांबरी मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश दोन गोल चकरा मारा. गाडी अडखळली, टायर ओरडले किंवा मागून धक्के आले तर कपलिंग अडकून बसलंय किंवा टायर एकसारखे नाहीत.

मर्सिडीजची ४मॅटिक वेगळी आहे. तिथे ताकद कायम चारही चाकांना जाते, पुढे ४५ आणि मागे ५५ टक्के. हॅल्डेक्सचा पंप नाही म्हणून ही डोकेदुखी नाही, पण गिअरबॉक्सच्या तेलाची आणि पुढच्या एक्सल शाफ्टच्या रबरी बुटांची तपासणी करावीच लागते. फाटलेल्या बुटात मुरमाची धूळ गेली की सांधा फार दिवस टिकत नाही.

दोन्ही गाड्यांना कंपनीचा स्कॅनर लावायला सांगा: व्होल्वोसाठी व्हिडा, मर्सिडीजसाठी झेंट्री. स्वस्त स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, मागच्या डिफरन्शियलचा (एक्सलवरच्या दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा) मॉड्यूल बहुधा वाचत नाही. स्कॅन करण्याआधी बॅटरी धडधाकट आहे ना बघा. व्होल्टेज पडलं की नसलेले दोषही यादीत येतात.

टायर

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढच्या-मागच्या टायरच्या खाचांत तीन मिमीहून जास्त फरक असला तर चाकांचा घेर बदलतो, कपलिंगला पुढचा आणि मागचा एक्सल सतत वेगळ्या गतीनं फिरताना दिसतो आणि क्लच तापत राहतो. म्हणूनच पंक्चरवाल्यानं 'एकच बदला' म्हटलं तरी ऐकू नका.

टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर खाचा शिल्लक असतानाच कडक होतं, म्हणून सहा वर्षांवरचे टायर किमतीतून वजा करा. हवा सकाळी, गाडी गार असताना मोजा. समृद्धीवर तापलेल्या टायरमधली हवा कमी करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. गार झाल्यावर दाब कमी पडतो, पुढच्या प्रवासात टायरची बाजू जास्त वाकते आणि ती उष्णता टायर फोडते.

मोठी रिम फोटोत छान दिसते. पण खड्ड्यात रिम आणि टायरची बाजू दोन्ही वाचवायच्या तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमध्ये परवानगी असलेली सगळ्यात लहान रिम निवडा. स्टेपनीही उघडून बघा. बारीक तात्पुरती असेल तर तिच्यावर ८० च्या पुढे जायचं नसतं.

उन्हाची परीक्षा

शक्य असेल तर गाडी एप्रिल-मेमध्ये, दुपारी दोनला बघा. एसी पूर्ण लावून दहा मिनिटं चालवा आणि मधल्या जाळीत स्वयंपाकघरातला थर्मामीटर खोचा. दहा-बारा अंशांच्या आसपास आलं तर ठीक; विसाच्या खाली उतरेना तर कंडेन्सर, गॅस किंवा पंखा यांपैकी काहीतरी आहे. इंजिन थंड असताना कूलंटची प्लास्टिक टाकी बघा. पिवळी पडून तिच्या जोडावर केसासारखी चीर दिसली तर बदलण्याचा खर्च आत्ताच धरा.

एअर सस्पेन्शन असेल तर रात्रभर गाडी सपाट फरशीवर ठेवायला मिळाली पाहिजे, विक्रेता नाही म्हणाला तरी आग्रह धरा. संध्याकाळी चारही चाकांवर हबच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, सकाळी गाडी सुरू न करता पुन्हा मोजा. एकच कोपरा १५ मिमीच्या वर बसला तर त्या बाजूची रबरी फुग्याची घडी चिरलेली असण्याची शक्यता मोठी. गळती चालू राहिली की काँप्रेसर सतत पळतो आणि तोही जातो, मग एका फुग्याचं बिल दोन वस्तूंचं होतं.

व्होल्वोच्या या डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. बदलायचं अंतर चेसिस नंबरवरून वर्कशॉपमधून काढून घ्या आणि किलोमीटरइतकंच वर्षांकडेही बघा, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ई २२० डी मध्ये चेन आहे. धुराच्या फिल्टरसाठी मात्र सवय बदलावी लागते: धरमपेठ ते सदर एवढीच रोजची फेरी असेल तर काजळी जळत नाही. आठवड्यातून एकदा रिंग रोडवर किंवा महामार्गावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगानं चालवा.

पुराची गाडी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत शेकडो गाड्या बुडाल्या. दुरुस्त झालेल्या गाड्या बाजारात येतातच. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला मातीची रेघ असेल तर दुसरी तपासणी नको. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागची वायरिंग बघा. नवाकोरा गालिचा आणि जास्तच सुगंध, दोन्ही संशयास्पद.

तुमच्याकडे आल्यावरही रपट्यावर पाणी वाहत असेल तर थांबा. उभ्या पाण्यातसुद्धा पाणी हबच्या बरंच खाली हवं, आणि विम्यात इंजिन संरक्षणाचं कलम वेगळं घ्यावं लागतं.

कागद आणि क्रेन

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यानं तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. नमुना २८ वरची एनओसी (मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र), बँकेचा बोजा उतरल्याचा कागद आणि इथे भरायचा रोड टॅक्स असा सगळा हिशेब नागपूर आरटीओत आधी करून घ्या. कधी कधी फायदा तिथेच संपतो.

जवळचं अधिकृत वर्कशॉप नागपुरात आहे की दुसऱ्या शहरात, हे फोन करून विचारा. विम्याच्या रोडसाइड सेवेत फ्लॅटबेड मिळतो का तेही विचारा. चौकातली क्रेन पुढची चाकं उचलून मागची फरफटत नेते. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये त्यानं कपलिंग किंवा ट्रान्सफर गिअर खराब होऊ शकतो. चारही चाकं जमिनीवरून वर, एवढं वाक्य ड्रायव्हरला लिहून द्या.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात व्होल्वोच्या कपलिंगचं तेल आणि जाळीची सफाई, दोन्ही गाड्यांच्या मागच्या डिफरन्शियलचं तेल आणि चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. आणि पांदणीवरून परत आल्यावर रिमच्या आतली माती ओली असतानाच साध्या पाइपनं काढा. वाळली की ती सिमेंटसारखी बसते आणि पुढच्या वेळी शंभरच्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागलं की लोक उगाच बेअरिंग बदलतात.