लॉटरीच्या संचांना चाळणी कशी लावावी, आणि ती कुठे फसते

"मालक, बेरीज शंभर ते दोनशेच्या मधली धरा, सगळं त्यातच येतंय." अशोक चौकातल्या चहाच्या गाड्यावर मला हा सल्ला पहिल्यांदा मिळाला. सल्ला देणाऱ्याने पुढे वर्षानुवर्षं तो कपागणिक वाटला. त्यात खोटं काहीच नाही. 1 ते 49 मधून सहा आकडे निवडायच्या लॉटरीत सहा-सहा आकड्यांच्या सुमारे 87 टक्के संचांची बेरीज त्या पट्ट्यात पडतेच. म्हणजे मे महिन्यात सोलापुरात ऊन पडणार, असं सांगण्यापैकी हा सल्ला.

चाळणी लावायचीच, म्हणजे ठरवलेल्या नियमात न बसणारे संच टाकून द्यायचेच, तर नीट लावा. मी खूपदा लावली आहे. सुरुवातीला चुकीची लावली, तेही सांगतो.

आधी लॉटरी कुठल्या जातीची आहे ते बघा. आपल्या राज्य लॉटरीच्या कागदी तिकिटावर नंबर छापूनच येतो, संच आपण बनवत नाही, तिथे यातलं काही लागत नाही. मटक्याचे चार्ट घेऊन बसणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं; तो जुगार आहे आणि त्याला 1887 पासून कायदा आहे. पूर्वी आपल्याकडे ऑनलाइन लॉटरीच्या मशीनवर 49 पैकी 6 आकडे निवडता यायचे, सोडतींचे आकडे लिहिलेली माझी वही त्या काळातली. परदेशात हा खेळ जोरात चालतो, पण इथून तिकिटासाठी बाहेर पैसे पाठवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांनी बंदी आहे. ॲपवाला काहीही सांगो.

सगळे संच मिळून 1,39,83,816. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात, म्हणजे चौदा शीट लागतील. त्या भानगडीत पडू नका. एक लाख संच रँडम काढा, नाहीतर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार ओळी लिहून सगळेच मोजून घ्या.

मग प्रत्येक संचापुढे चार रकाने: बेरीज, विषम आकडे किती, लागोपाठचे आकडे आहेत का, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे विचलन: आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप. बेरजेची सरासरी 150 आणि तिचं विचलन 32.8 च्या आसपास. म्हणून 117 ते 183 हा पट्टा धरला तर साधारण 68 टक्के संच आत राहतात. विषम आकडे दोन, तीन किंवा चार असलेले संच 81 टक्के. एवढं सोपं आहे.

लागोपाठच्या आकड्यांना मात्र हात लावू नका. "12 आणि 13 एकत्र कधी येतात का?" असं म्हणून लोक सरसकट जोडीवाले संच उडवतात. मोजून बघा: निदान एक लागोपाठची जोडी असलेले संच 49.5 टक्के निघतात. अर्धं पोतं गेलं की उकिरड्यावर.

आता स्टँडर्ड डेव्हिएशन. मी अडकलो तो इथेच, आणि एकदा नाही, दोनदा.

पहिली चूक सूत्राची. एक्सेलमध्ये हे दोन प्रकारे निघतं, एकात सहाने भागतात आणि दुसऱ्यात पाचने. 7, 17, 23, 32, 38, 42 हा संच घ्या. सरासरी 26.5, फरकांच्या वर्गांची बेरीज 885.5. पाचने भागून वर्गमूळ काढलं तर 13.3, सहाने भागलं तर 12.15. मी कुणाच्या तरी कागदावरून पाचवाल्या मर्यादा उतरवल्या आणि माझ्या शीटमध्ये सूत्र सहावालं. चांगले संच गळत होते आणि मी आकड्यांना दोष देत होतो. कुठलंही एक धरा, पण मर्यादा आणि सूत्र एकाच घरातलं हवं. पाचवालं धरलं तर 14.3 च्या आसपासचे संच मधोमध येतात. 1 ते 6 सरळ ओळीने घेतले तर 1.87. 44 ते 49 घेतले तरी 1.87 च. बेरीज मात्र एकाची 21 आणि दुसऱ्याची 279. बेरीज आकडे कुठे आहेत ते सांगते, विचलन ते किती पसरलेत ते सांगतं, म्हणून दोन्ही रकाने ठेवायचे. स्क्यूनेस (आकडे एका बाजूला किती झुकलेत) आणि कुर्टोसिस (टोकाचे आकडे किती) हीही मापं लावा म्हणणारे भेटतात. सहा आकड्यांवर कुर्टोसिस काढणं म्हणजे सहा शेंगदाण्यांची चटणी कुटणं. मी ते रकाने पुसून टाकले.

दुसरी चूक मोठी होती, आणि ती सूत्रात नव्हती, डोक्यात होती. सगळ्या चाळण्या लावून माझ्याकडे शंभरातले दहा संच उरले आणि मी घरी सांगितलं, आता नशीब दहापट झालं. बायकोने विचारलं, "फेकले त्यात जिंकणारा संच नव्हता हे कशावरून?" मी चिडलो. उत्तर नव्हतं म्हणून चिडलो.

शंभर चादरींचा गठ्ठा आहे, एकीच्या घडीत नोट आहे. तुम्ही रंग बघून नव्वद चादरी बाहेर टाकल्या. नोट रंग बघून ठेवलेली नव्हती. उरलेल्या दहांत ती असण्याची शक्यता शंभरात दहाच, आणि हातातल्या एका चादरीत असण्याची शंभरात एक, गठ्ठा सोडला तेव्हा होती तेवढीच. चाळणीतून उतरलेला संच असो वा 1-2-3-4-5-6, प्रत्येकाला 1,39,83,816 मध्ये एकच संधी. पटत नसेल तर जुन्या सोडतींवर चाळणी चालवा. तुमची चाळणी दहा टक्के संच ठेवत असेल, तर जुन्या सोडतीही दहा टक्क्यांच्या आसपासच तिच्यातून उतरतील. मी वहीतल्या सोडतींवर हे पेन्सिलीने खुणा करत तपासलं आणि शेवटच्या पानावर पोहोचण्याआधीच गप्प बसलो.

मग चाळणी कशाला? जिथे पहिलं बक्षीस विजेत्यांत वाटलं जातं, तिथे तिचा एक खरा उपयोग आहे, आणि तो लोक करतात त्याच्या बरोबर उलटा.

वरचा 7, 17, 23, 32, 38, 42 हा संच मी उगाच घेतला नव्हता. 14 जानेवारी 1995 ला ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीत तोच निघाला. बेरीज 159, तीन विषम, तीन सम, लागोपाठ एकही नाही, विचलन मधोमध. कुठल्याही चाळणीतून तुपासारखा उतरेल असा. आणि तो 133 जणांनी लावला होता! एक कोटी साठ लाख पौंडांहून मोठं बक्षीस, वाट्याला आले सव्वा लाखाच्याही आत. फिलिपीन्समध्ये 1 ऑक्टोबर 2022 ला 9, 18, 27, 36, 45, 54 आले, नवाचा पाढा, विजेते 433.

तेव्हा "छान दिसणारे" संच ठेवण्याऐवजी लोकांना आवडणारे संच काढा. सगळे आकडे 31 च्या आतले असतील तर ते वाढदिवसवाल्यांचे. असे 7,36,281 संच आहेत, सगळ्यांच्या 5.3 टक्के. ते पहिले उडवा. पाढे उडवा. तिकिटावर रेघ, चौकोन किंवा तिरपी ओळ बनवणारे उडवा, त्यासाठी संच तिकिटाच्या कागदावर खुणा करूनच बघावा लागतो, शीटमध्ये ते दिसत नाही. मागच्या सोडतीत आलेले आकडेही उडवा. बल्गेरियात सप्टेंबर 2009 मध्ये 6 तारखेला आलेले सहाच्या सहा आकडे 10 तारखेला पुन्हा आले, आणि दुसऱ्या वेळी ते 18 जणांकडे होते. बेरजेचा पट्टा मी आता 150 च्या वरच ठेवतो, कारण मोठे आकडे लोक कमी घेतात. जिंकण्याची संधी याने तसूभरही वाढत नाही, जिंकलात तर वाटेकरी कमी असतील एवढंच.

बक्षिसाची रक्कम ठरलेली असेल, वाटून द्यायची नसेल, तर हेही करू नका. मशीनलाच आकडे काढू द्या आणि शीट बंद करा.