फिजिक्स आणि कॉम्प्युटिंगची एकत्र लॅब: सामान कसं निवडायचं, कसं मांडायचं

नवीन लॅब उभी करायची म्हटलं की पहिल्याच मीटिंगमध्ये खरेदीची यादी टेबलावर येते. इतके ऑसिलोस्कोप (विजेची लहर स्क्रीनवर दाखवणारी यंत्रं), इतके कॉम्प्युटर, इतके सेन्सर किट. ती यादी आधी बाजूला ठेवा. पदवीच्या तिन्ही वर्षांना कोणते प्रयोग करून घ्यायचे ते लिहून काढा आणि प्रत्येक प्रयोगासमोर एक प्रश्न लिहा: यात आकडा नेमका कुठे तयार होतो, आणि तो तयार होताना मुलाला दिसतो का? गेली बावीस वर्षं मी अशी लॅब सांभाळते आहे, आणि कुठलीही वस्तू घ्यायची की नाही हे मी याच प्रश्नावर ठरवत आले आहे.

एक उदाहरण देते. एलएम३५ हा तापमानाचा छोटा सेन्सर एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. तो अर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या अ‍ॅनालॉग पिनेला जोडला की स्क्रीनवर तापमान दिसायला लागतं, पण ते सरळ चढत नाही, उड्या मारतं. २४.९, मग एकदम २५.४, मधलं काहीच नाही. मुलं म्हणतात, मॅडम, सेन्सर खराब आहे. सेन्सर चांगला असतो. बोर्डावरचा, व्होल्टेजचा आकडा करणारा कन्व्हर्टर १० बिटांचा आहे. तो ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक भाग ४.९ मिलिव्होल्टचा, आणि तापमानात तो जवळजवळ अर्धा अंश होतो. आता संदर्भासाठी ५ व्होल्टऐवजी बोर्डाच्या आतले १.१ व्होल्ट घ्या. कोडमध्ये एक ओळ वाढते, सूत्रातला ५ जाऊन तिथे १.१ येतो, आणि तीच उडी ०.१ अंशावर येते. सेन्सर तोच, वायर तीच. हे ज्या मुलाने स्वतः केलं त्याला रिझोल्यूशन, म्हणजे मोजता येणारा लहानात लहान फरक, पुन्हा समजवावा लागत नाही. बंद डब्यातला तयार डेटालॉगर (आपोआप रीडिंग नोंदवणारं यंत्र) हेच तापमान गुळगुळीत रेषेत काढून देतो, आणि मुलाला वाटतं आकडे असेच मिळतात. असे डेटालॉगर वरच्या वर्गांना जरूर द्या, पण पहिल्या वर्षाच्या टेबलावर नको.

मॅक्सवेलने केंब्रिजमध्ये पहिला कॅव्हेंडिश प्राध्यापक म्हणून १८७१ साली जे भाषण केलं त्यात याच अर्थाचं सांगितलं आहे: घरी बनवलेल्या, सारख्या बिघडणाऱ्या उपकरणावर काम करणारा विद्यार्थी बरेचदा जास्त शिकतो. ती लॅब प्रत्यक्ष उघडली १८७४ मध्ये. इमारत उभी राहायच्या आधी कशावर शिकवायचं याचा विचार झाला होता, आणि तो क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता खोली. एका बॅचला वीस मुलं असतील तर दहा टेबलं धरा, दोघांना एक. तिघांचा गट केला की तिसरा फक्त रीडिंग लिहितो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता एखादा प्रयोग कमी करते पण तिघं बसवत नाही. टेबल भिंतीला लावून, खोलीच्या तीन बाजूंनी मांडा. मधे उभं राहिलं की सगळे स्क्रीन आणि सगळी सर्किट एका नजरेत येतात. कीबोर्डच्या पुढे उपकरणाला जागा हवी, म्हणून कॉम्प्युटरचं नेहमीचं अरुंद टेबल चालत नाही. दोघांमागे किमान दीड मीटर लांबी ठेवा. कॉम्प्युटर एका खोलीत आणि उपकरणं दुसऱ्या खोलीत ही रचना मी आठ वर्षं चालवली. मुलं वहीत आकडे उतरवून शेजारच्या खोलीत जायची, आणि आलेख चुकलेला दिसला तोवर मांडणी मोडलेली असायची. एक टेबल तरी उंची बदलता येईल असं आणि खाली व्हीलचेअर जाईल असं घ्या. रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे प्रत्येकाला ओळखता येत नाहीत, म्हणून डब्यांवर किंमत ओहममध्ये ठळक छापून ठेवा.

स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारं उपकरण, मात्र या खोलीत उघड्यावर नको. सोडियम दिव्याच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा वेगळ्या दिसायला डोळा अंधाराला सरावलेला लागतो, आणि शेजारच्या मॉनिटरचा उजेड सगळं घालवतो. काळा पडदा लावून एक कोपरा तोडा. दिवा बॅच यायच्या दहा मिनिटं आधी लावून ठेवा. लेझर शक्यतो १ मिलिवॉटच्या आतला, वर्ग २ चा घ्या. किरण बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत येणार नाही अशा उंचीवर बेंच ठेवा, आणि घड्याळ-अंगठ्या काढायला लावा.

विजेचं काम करताना घाई करू नका. सुरुवातीला आमच्या लॅबची सगळी वीज एकाच ब्रेकरवरून यायची. एका मुलाने दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणारं सर्किट, थेट मेन्सवरचं, तपासायला घेतलं आणि ऑसिलोस्कोपच्या प्रोबचा, म्हणजे मापायच्या वायरीचा, काळा चिमटा त्यावर लावला. तो चिमटा स्कोपच्या आतून सरळ अर्थिंगला जोडलेला असतो. ठिणगी उडाली, ब्रेकर पडला आणि सगळी खोली बंद. मुलाला काही झालं नाही, पण एका मुलीचं रात्रभर चालू असलेलं सिम्युलेशन गेलं. ती रडली, आणि त्या दिवशी मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही, कारण वायरिंगच्या नकाशावर सही माझी होती. त्यानंतर कॉम्प्युटरची लाइन वेगळी, टेबलांवरच्या प्रयोगांची वेगळी. प्रयोगांच्या लाइनवर जमिनीकडे ३० मिलिअँपिअर करंट गळला की तुटणारा अर्थ लीकेज ब्रेकर, आणि खोलीतली प्रयोगांची सगळी वीज बंद करणारं लाल बटण दारापाशी. मुलांचं कुठलंही सर्किट ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, १२ व्होल्टच्या बाजूलाच सुरू होतं. चिमट्याचा त्रास टाळायला स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. ते कधीही करू नका. तसं केलं की स्कोपच्या सगळ्या धातूच्या भागात वीज उतरू शकते.

स्कोप दोन चॅनेलचे, साधे, पण दर टेबलाला एक असे घ्या. एक भारी स्कोप आणि भोवती वीस मुलं यापेक्षा दहा साधे केव्हाही बरे. स्कोप हातात आला की पहिल्या दिवशी फक्त एकच काम द्या: प्रोब जुळवणं. स्कोपच्या पुढच्या बाजूला एक छोटा हूक असतो, त्यातून साधारण १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या खुणेवर) ठेवून तिथे लावायचा आणि प्रोबवरचा बारीकसा स्क्रू प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने अगदी हळू फिरवायचा. एकीकडे फिरवला की लहरीचे कोपरे गोलावतात, दुसरीकडे फिरवला की टोक वर निघतं. मधे कुठेतरी कोपरा काटकोनात बसतो. मुलांचा श्वास रोखलेला असतो. मापायचं साधनही आधी तपासून घ्यावं लागतं हे त्या चौकोनात दिसतं, आणि पुढे वर्षभर ती मुलं स्कोपवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत.

सॅम्पलिंग, म्हणजे लहर ठरावीक अंतराने मोजणं, शिकवायला फंक्शन जनरेटर (हवी ती लहर तयार करणारं यंत्र) लागतोच. ९०० हर्ट्झची साइन लहर सेकंदाला १००० वेळा मोजा आणि बिंदू आलेखावर टाका: १०० हर्ट्झची सुरेख लहर दिसते, जी प्रत्यक्षात नाहीच. शेजारी स्कोपवर खरी ९०० हर्ट्झची चालू ठेवा. एकाच टेबलावर दोन्ही दिसली पाहिजेत, म्हणून जनरेटरला दोन फाटे करणारा टी-कनेक्टर प्रत्येक टेबलाला द्या. ही उपकरणं जोडणाऱ्या बीएनसी केबल गरजेच्या दुप्पट घ्या.

अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सरही मला फार उपयोगी वाटतो. सगळे जण प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेला ५८ मायक्रोसेकंदांनी भागून सेंटिमीटर काढतात. हा भागाकार खोलीच्या साधारण तापमानाला धरून आहे. हवा ३५ अंशाला असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५२ मीटर होतो आणि २ मीटरवरची भिंत सेन्सर १९६ सेंटिमीटरच्या आसपास दाखवतो. टेप लावून मोजायला सांगा, मग एलएम३५ जोडून कोड सुधारायला सांगा. हाच सेन्सर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला लावणार असाल तर त्याच्या एको पिनेवर ५ व्होल्ट येतात आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत हे विसरू नका. मधे १ किलोओहम आणि २ किलोओहमची विभागणी लावून दोन्हींच्या सांध्यावरून सिग्नल घ्या. पायचा प्लग तसाच ओढला की कधीकधी मेमरी कार्डातली फाइल सिस्टीम बिघडते, म्हणून भरून तयार केलेली चार कार्डं कपाटात असू द्या.

कॉम्प्युटरबद्दल फार लिहित नाही. मध्यम ताकदीचे, सगळे एकसारखे घ्या, म्हणजे एक मशीन नीट बसवून त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवता येते. जड गणितासाठी एक सर्व्हर पुरतो. पायथन आणि त्याच्या लायब्ररींची आवृत्ती वर्षभर तीच ठेवा. वीस कॉम्प्युटर प्रत्येकी १०० वॉटने धरले तरी खोलीत २ किलोवॉटचा हीटर चालू असल्यासारखं आहे, म्हणून हवा खेळती राहील याची सोय आधीच करा. मूळ रीडिंगच्या फाइल फक्त वाचता येतील अशा फोल्डरमध्ये जाऊ द्या. एखादा न जुळणारा बिंदू गुपचूप खोडायचा मोह चांगल्या मुलांनाही होतो.

एक मीटरचा लंबक आणि फोटोगेट (किरण अडला की वेळ नोंदवणारं साधन) मात्र प्रत्येक कॉम्प्युटरशेजारी हवा. मुलं आधी ऑयलरच्या साध्या पद्धतीने, म्हणजे दर छोट्या पावलाला जुन्याच वेगाने नवी जागा काढत, कोड लिहितात आणि स्क्रीनवरचा लंबक दर झोक्याला थोडा उंच जायला लागतो, ऊर्जा आपोआप वाढते. शेजारचा खरा लंबक दोन सेकंदांचा झोका घेत हळूहळू थांबत असतो. आधी नवा वेग काढून मग त्याच वेगाने जागा काढली, एवढा क्रम बदलला की कोड ताळ्यावर येतो. हे शेजारी-शेजारी पाहिल्याशिवाय उमगत नाही.

जुने काट्याचे गॅल्व्हनोमीटर (बारीक करंट दाखवणारे मीटर) टाकून देऊ नका. कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर करताना काटा इकडून तिकडे झुलतो. डिजिटल मीटरवर नुसते आकडे फडफडतात.

आता ज्या गोष्टी यादीत कधीच नसतात त्या. मल्टीमीटरचे फ्यूज: मुलं मिलिअँपिअरवर ठेवून बॅटरीला लावतात आणि फ्यूज जातो. त्याच क्षमतेचे फ्यूज डबाभर ठेवा. उडालेला ओळखायला मीटर उघडावा लागत नाही. दुसरा मीटर ओहमवर ठेवून पहिल्याच्या मिलिअँपिअर आणि कॉमन सॉकेटमध्ये लावा, फ्यूज शाबूत असेल तर थोडेसे ओहम दिसतात. वायरींचं दुखणं याहून मोठं. वरून धडधाकट आणि आतून तुटलेली वायर अर्धं प्रॅक्टिकल खाते. दाराशी बझर आणि दोन क्लिप असलेली फळी ठोका, प्रत्येकाने वायर त्यावर तपासूनच न्यायची. आणि नियम एकच: खराब वायर सापडली की तिला तिथल्या तिथे गाठ मारायची. गाठ मारलेली वायर कोणी परत वापरत नाही, आणि संध्याकाळी मला फक्त गाठी शोधून सोल्डरिंगला बसायचं असतं.

प्रत्येक प्रयोगाचा एक डबा करा, झाकणाच्या आत त्यातल्या वस्तूंचा फोटो चिकटवा. पहिली बॅच यायच्या आदल्या दिवशी सगळ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर बसून, फक्त त्या डब्यातल्या सामानावर, तुम्ही स्वतः अख्खा प्रयोग करा. जी वस्तू आणायला उठावं लागलं ती डब्यात टाका आणि झाकणावरचा फोटो पुन्हा काढा.