गहू वीस दिवसांचा झाला? आधी पाणी धरा

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू आता वीस दिवसांच्या आसपास आलाय. पान हिरवं दिसतंय, थंडीही आहे, म्हणून ‘देऊ आठ दिवसांनी’ असं म्हणू नका. दरवर्षी इथेच पीक हातचं जातं आणि कळतं ते फेब्रुवारीत, ओंब्या विरळ दिसल्यावर.

18 ते 21 दिवसांत गव्हाला मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी कायमची मुळं, फुटतात. ती खोल नसतात, मातीच्या वरच्या थरातच असतात. तो थर सुकला असेल तर ती फुटत नाहीत. रोप मात्र बियाच्या पहिल्या मुळांवर तग धरतं, खालची ओल ओढतं आणि वरून हिरवं दिसतं. फसगत होते ती इथे. फुटवे (बुडातून येणारे बाजूचे कोंब) कमी येतात, आलेले वाळतात. पुढे चार पाणी दिलं तरी तूट भरून निघत नाही.

गहू ताण सोसतो, हे खरं. पानांची रंध्रं मिटतो, पानं गुंडाळतो, दाणे भरताना ताण पडला तर खोडात साठवलेलं अन्न दाण्याकडे वळवतो. पण रंध्रं मिटली की अन्न तयार होणंही मंदावतं. दुपारी पान गुंडाळलेलं दिसलं तर थोडं थांबता येतं. सकाळी आठलाही तसंच असेल तर उशीर झालाय, असा माझा रानातला अंदाज.

पाणी मोजकं असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी (पेरणीनंतरचे दिवस):
- एकच पाणी: 40 ते 42
- दोन: 20 ते 22 आणि 60 ते 65
- तीन: 20 ते 22, 40 ते 42, 60 ते 65

एका पाण्याची शिफारस भारी, ओल धरणाऱ्या रानात पाळा. मुरमाड रानात बोट खुपसून बघा. दोन पेरं कोरडी लागली तर चाळिसाव्या दिवसाची वाट बघू नका, असं मला वाटतं.

दुकानदार सध्या ‘ताण सोसायचं’ महागडं टॉनिक पुढे करतोय. घेऊ नका. फवारणीनं मुकुटमुळं फुटत नाहीत, त्याला ओलच लागते. तेच पैसे डिझेलला किंवा पाइपला लावा. फवारायचंच तर 55 आणि 70 दिवसांनी 19:19:19 हे विद्राव्य खत, दहा लिटर पाण्याला 200 ग्रॅम. तेवढं पुरे.

बाकीची कामं:
- खुरपणी, वाफशावर (माती ना चिखल ना कोरडी असताना) कोळपणी
- पूर्ण बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला या विसाव्या दिवसाच्या पाण्यासोबत नत्राचा दुसरा हप्ता: हेक्टरी 60 किलो (युरिया एकरी साधारण 53 किलो)
- ढगाळ हवेत मावा किडीवर नजर

विहीर सगळ्या गव्हाला पुरणार नसेल तर ते आजच ठरवा. सगळीकडे उशिरा थोडं थोडं देण्यापेक्षा निम्म्या क्षेत्राला वेळेवर द्या. आज रात्री लाईट आली की मुरमाड बाजूचे वाफे पहिले धरा.