आवडत्या गाण्याचा अर्थ लावायचा तर आधी ‘ती’ कोण ते बघा

पहिला पाऊस पडला की नागपुरात फुटाळा तलावाचे व्हिडिओ स्टेटसवर झळकू लागतात आणि मागे कवी ग्रेस यांचं ‘ती गेली तेव्हा’ वाजत असतं. खाली तुटलेलं हृदय. अहो बाप्पा, पुढच्या ओळी तरी ऐका! तिथे सरळ ‘ती आई होती’ म्हटलंय. विरहगीत म्हणून ते वर्षानुवर्षं चालतंय, कारण आपण ध्रुवपदावर अर्थ ठरवून मोकळे होतो.

गाणं ऐकून शब्द हाताने लिहून काढा. नेटवरच्या शब्दांवर विसंबू नका, काना-मात्रा गेली की अर्थ जातो. गाणं मुळात कविता असेल तर ती पुस्तकातून वाचा, कारण चाल लावताना बरेचदा कडवी गाळतात. पुस्तक घरी नसेल तर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहेच.

आता खरी मेख. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ‘मी’, ‘तू’, ‘ती’ला गोल करा. कोण बोलतंय, कोणाशी, कोणाबद्दल, हे फक्त समोरच्या शब्दांवरून ठरवायचं. गाणाऱ्याच्या आवाजावरून तर मुळीच नाही. ग्रेस यांचंच ‘भय इथले संपत नाही’ लता मंगेशकरांनी गायलंय, पण क्रियापद ‘गातो’ आहे. म्हणजे बोलणारा पुरुष. बाईचा आवाज ऐकून आपण बाईचं दुःख गृहीत धरतो आणि पुढचं सगळं वाकडं जातं. मराठी क्रियापद एवढी माहिती फुकट देतं, ती घ्या की!

मग त्याच गाण्यातला ‘तू’ घ्या. शब्दांत सापडतं ते इतकंच, की या ‘तू’ने बोलणाऱ्याला गीतं शिकवली आणि आता बोलणाऱ्याला या ‘तू’ची आठवण येते. आई, प्रेयसी, गुरू, देव, सगळे बसतात. इथे लोकांना धीर निघत नाही. कवीच्या आयुष्यातली कुठलीतरी ऐकीव गोष्ट काढतात आणि ‘तू’च्या जागी चिकटवतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘या गाण्यामागची कहाणी’ छाप मजकुराला तर हातही लावू नका. कहाणी खरी निघाली तरी ती कवीची झाली, ओळीची नाही. जागा रिकामी असेल तर रिकामी ठेवा आणि चारही माणसं तिथे बसवून गाणं पुन्हा वाचा. जो माणूस शेवटच्या ओळीपर्यंत टिकेल तो तुमचा.

गझलेला मात्र हा नियम लावू नका. सुरेश भटांच्या गझलेतला प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, स्वतंत्र उभा असतो, एका शेरातला ‘तू’ पुढच्या शेरात असेलच असं नाही. रेशीमबागेत भटांच्या नावाच्या सभागृहात कार्यक्रम संपल्यावर पायऱ्यांवर पाच शेरांची एकच प्रेमकथा जुळवणारे भेटतात, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रतिमांचं कोडं सोडवू नका. कंदील म्हणजे अमुक, वारा म्हणजे तमुक, हे दहावीच्या गाईडात ठीक. ‘ती गेली तेव्हा’मधला कंदील धुरकट आहे, एकटा आहे, खिडकीवर आहे, एवढं नीट दिसलं की पुरे.

चाल सगळ्यात शेवटी ऐका. संगीतकाराने कुठे थांबवलंय, कुठली ओळ पुन्हा घेतलीय, हा त्याने लावलेला अर्थ. तो तुमच्याशी जुळलाच पाहिजे असं नाही.

एखादी ओळ लागलीच नाही तर शेजारी प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. ग्रेस यांच्या गाण्यांत ही चिन्हं जास्त होतील, भटांच्या कमी.