पहिल्या अपॉइंटमेंटच्या आधी

मनाच्या त्रासासाठी पहिल्यांदाच कोणाकडे जायचं असेल, तर आधी एक कोरा कागद घ्या. मोबाइलमध्ये नको, घरात तो कोणाच्याही हातात जातो. गेल्या दोन-तीन आठवड्यांत काय होतंय ते कागदावर उतरवा. नुसतं "टेन्शन आहे" म्हटलं तर समोरच्याला काही कळत नाही. "पहाटे ३ ला जाग येते, छातीत धडधडतं, मग ऑफिसात फाइल उघडून नुसती बघत बसते" म्हटलं की कळतं. खाली चालू गोळ्यांची नावं लिहा. थायरॉइड किंवा बी-१२ चा जुना रिपोर्ट असेल तर सोबत ठेवा, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस उदास आणि गळून गेल्यासारखा राहू शकतो.

जीव द्यावासा वाटत असेल, तर ही यादी बाजूला ठेवा. घरातल्या एकाला आत्ताच सांगा, १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा (फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात) आणि कोणाला तरी सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा.

एरवी आधी ठरवायचं ते जायचं कोणाकडे. सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात, चाचण्या घेतात. त्यांची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असते. नंबर विचारायला लाजू नका. 'काउन्सेलर' ही पाटी मात्र छोटा कोर्स केलेलेही लावतात, तिथे शिक्षण विचाराच. आपल्या नागपुरात खासगी दवाखाने धंतोली-रामदासपेठेत भरपूर आहेत. फी एका वेळची बघू नका, महिन्याची बघा, कारण सुरुवातीला बहुतेकदा दर आठवड्याला जावं लागतं. ते झेपत नसेल तर मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना) किंवा मिहानमधल्या एम्सची ओपीडी आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक दचकतात, पण त्याच्या ओपीडीत झोप न लागणारी, धास्तावलेली, तुमच्या-माझ्यासारखी माणसंही येतात.

आता फोन. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तयारी हीच. माझ्या बहिणीला आम्ही घाईत, नुसतं नाव ऐकून एकीकडे नेलं. दहाव्या मिनिटाला तिथल्या बाई म्हणाल्या, "लग्न करून द्या, सगळं ठीक होईल." बहीण पायऱ्या उतरताना एक शब्द बोलली नाही, पुढचे आठ महिने कोणाकडेच गेली नाही. ते आठ महिने मला अजून सलतात. म्हणून आता मी सगळ्यांना सांगते, आधी पाच मिनिटं फोनवर बोला. माझ्यासारखा त्रास असणाऱ्यांसोबत तुम्ही काम केलंय का? कोणत्या पद्धतीने करता? मी सांगितलेलं घरच्यांना कळेल का? (२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क आहे, जिवाला धोका असेल तेव्हाचे अपवाद त्यांनाच विचारून घ्या.) आणि भाषा विचारा. घरी वऱ्हाडी, ऑफिसात हिंदी, कागदोपत्री इंग्रजी असं आपलं चालतं, पण रडू आईच्याच भाषेत येतं. "मले काहीच करावंसं वाटत नाही" हे जसंच्या तसं म्हणता आलं पाहिजे. जातीवरून किंवा मूल होत नाही म्हणून ऐकून घेतलेलं मनात असेल, तर तेही फोनवर हळूच बोलून बघा. समोरून "एवढं मनावर घेऊ नका" आलं, तर पुढचा नंबर लावा.

पहिल्या दिवशी सगळं सांगून होत नाही, पाऊण-एक तासच असतो. तीन-चार भेटी द्या; पण अपमान झाला, ओरडा बसला, तर एकही जास्त देऊ नका. बदलायचं असेल तर "मला दुसरीकडे जायचं आहे" एवढं कळवलं तरी पुरतं.

त्या दिवशी नंतरचं काम ठेवू नका. मे महिना असेल तर सकाळची वेळ मागा, पाण्याची बाटली घ्या. ओळखीचं कोणी वेटिंगमध्ये दिसलं तर नुसतं हसा, तेही त्याच कामाला आलेत. सोबतच्या माणसाला बाहेरच बसायला सांगा, आणि तो कागद विसरू नका.